मापाबाहेरची काडतुसे

वाइल्डकॅट म्हणजे कोणताही कारखाना तयार करून विकत नाही असे रायफलचे काडतूस. बाजारात मिळणारी पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची किंवा रुंदावायची, खांद्याचा कोन बदलायचा आणि त्या नव्या आकाराचा चेंबर नळीत कोरून घ्यायचा, अशी त्याची घडण असते. अमेरिकेत हा उद्योग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरभराटीला आला. जुन्या .22 विंचेस्टर पुंगळीवर प्रयोग करून .22 हॉर्नेट निघाले आणि 1930 मध्ये विंचेस्टर कंपनीने ते बाजारात आणले. .250 सॅव्हेजची मान .22 इंचापर्यंत आवळून केलेले .22-250 अनेक दशके हौशी लोकांच्याच हातात होते. रेमिंग्टनने ते 1965 मध्ये स्वीकारले. लष्करी .30-06 पासून झालेल्या .25-06 ला 1969 पर्यंत थांबावे लागले. कारखान्याने स्वीकारले की काडतुसाचे माप आणि दाबाची मर्यादा ठरते. तोपर्यंत सगळी जबाबदारी घडवणाऱ्याची.

असे काडतूस अनेकदा एकबारी रायफलसाठी निवडले जाते, आणि त्याला यांत्रिक कारणे आहेत. या रायफलला मॅगझिन नसल्यामुळे काडतुसाच्या लांबीवर बंधन राहत नाही. लांब, टोकदार गोळीही बसते. बोल्ट मागेपुढे सरकायला लागणारी जागा वाचते, म्हणून एकूण लांबी तेवढीच ठेवून नळी लांब करता येते. मात्र पुंगळी बाहेर ओढण्याची ताकद बोल्टपेक्षा कमी असते. त्यामुळे बुडाला बाहेर आलेली कड, अंगाला किंचित निमुळतेपणा आणि माफक दाब असलेली पुंगळी या रायफलला मानवते. कडेची जुनी काडतुसे आजही एकबारी रायफलवाल्यांना प्रिय आहेत ती यामुळे. निव्वळ वेगाच्या मागे लागून जास्त दाबाचे काडतूस निवडणे ही या प्रकारातली सर्वांत वाईट निवड.

भारतातली कुळकथा मात्र वेगळ्या दिशेने गेली. अमेरिकेत हौसेने जे केले, ते इथे कायद्याने करायला लावले. सैन्याच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी .450 ची, तर ली-एन्फील्डची .303 ची. शिकारीच्या नावाने आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये, म्हणून 1907 च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात ही दोन्ही कॅलिबर नागरिकांना बंद केली. मोठ्या शिकारीसाठी .450 हे तेव्हा सर्वांत लोकप्रिय माप होते, त्यामुळे लंडनचे बंदूककार अडचणीत आले. त्यांनी वाट काढली ती वाइल्डकॅटवाल्यांचीच. .500 ची पुंगळी आवळून हॉलंड अँड हॉलंडने .465 काढले, जोसेफ लँगचे .470 ही त्याच कुळातले. आज आफ्रिकेतल्या शिकारीशी जोडले जाणारे .470 प्रत्यक्षात भारतावरच्या बंदीमुळे पुढे आले. ऑस्ट्रेलियातही असेच घडले. न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी कॅलिबरवर निर्बंध आल्यावर शिकाऱ्यांनी .303 ची मान .25 इंचापर्यंत आवळली.

.303 च्या जागी भारतात .315 आले. हे काडतूस मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, 8×50 आर मॅनलिशर: 8 म्हणजे गोळीमार्गाचे मिलिमीटर, 50 म्हणजे पुंगळीची लांबी, आर म्हणजे कड. इंचात मोजले की 8 मिलिमीटरचे .315 होतात. बीएसए कंपनीने भारतीय बाजारासाठी ली-एन्फील्डच्या यंत्रणेवर या मापाच्या रायफली केल्या. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने तेच माप चालू ठेवले. ज्या साम्राज्याचे ते काडतूस होते ते 1918 मध्ये लयाला गेले, पण भारतात परवाना काढून रायफल घेणाऱ्याला शंभर वर्षांनंतरही तेच माप समोर येते.

सरकारी अटीतून घडलेल्या काडतुसाचे याहून नेमके उदाहरण .410 मस्केटचे आहे. पोलीस आणि पहारेकऱ्यांना हत्यार तर हवे, पण चोरीला गेले तर सैन्याविरुद्ध उपयोगी पडू नये, अशी सरकारची अट होती. त्यासाठी ली-एन्फील्ड रायफली गुळगुळीत नळीच्या केल्या, मॅगझिनची जागा बुजवून त्या एकबारी केल्या, आणि काडतूस म्हणून .303 चीच पुंगळी मान न आवळता सरळ ठेवली. कड .303 ची, तोंड .410 चे. ही काडतुसे पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातही होत; त्यांच्या बुडावर ‘केएफ’ अशी खूण असे. 1869 मध्ये सुरू झालेला हा कारखाना आज म्युनिशन्स इंडियाकडे आहे.

ही झाली रायफलींची गोष्ट; कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र रायफल दुर्मीळच. लांजा, राजापूर, संगमेश्वर भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती ठासणीची बंदूक किंवा 12 बोअरची एकनळी. भाताला रानडुक्कर आणि बागेला वानर लागतात, म्हणून हे परवाने. 12 बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीएवढी नळी, सुमारे 18.5 मिलिमीटर. उतारावरची दाट झाडी आणि जवळजवळ वाड्या अशा मुलखात लांब पल्ल्याची रायफल गरजेची नाही, उलट धोक्याची आहे. छर्ऱ्याचा बार तीस-चाळीस मीटरपलीकडे कामाचा राहत नाही, आणि इथे तेच योग्य आहे. काडतूस मिळते खडकीचे ‘शक्तिमान’.

निवडीला यापलीकडे वाव नाही. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर आणि किती काडतुसे घ्यायची ते लिहिलेले असते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली विनापरवाना काडतूस तयार करणे किंवा हत्यारात फेरबदल करणे गुन्हा आहे, आणि परवाना हाती असला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे रानडुक्कर मारण्याची मुभा वेगळी मागावी लागते.