किलो किती, त्याआधी कुठला

१९९२ साली होंडाने सीबीआर९००आरआर फायरब्लेड ही मोटरसायकल आणली. पेट्रोल-ऑइल वगळून तिचे वजन १८५ किलो. त्या वेळची यामाहा एफझेडआर १००० ही दोनशे किलोंच्या पुढची आणि ताकदीतही वरचढ, पण वळणांच्या रस्त्यावर सरशी फायरब्लेडची. होंडाचे अभियंते तादाओ बाबा यांच्या चमूने हे साधले ते महागड्या धातूंच्या जोरावर नव्हे. ७५० सीसीसाठी आखलेल्या इंजिनाचा स्ट्रोक वाढवून ८९३ सीसी मिळवले. उलट्या फोर्कची फॅशन असतानाही साधे फोर्क ठेवले, कारण ते हलके होते. वजन कमी करणे म्हणजे आधी मांडणीचा विचार. धातू बदलणे त्यानंतर.

धातूंबद्दलचा गैरसमज इथेच दूर करायला हवा. पोलादाची घनता सुमारे ७.८, टायटॅनियमची ४.५, अॅल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमची १.७. आकडे मोहात पाडतात. पण ताठरपणाही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतो, त्यामुळे किलोमागे मिळणारा ताठरपणा चौघांचाही साधारण सारखाच. मग फ्रेम अॅल्युमिनियमची का? उत्तर आकारात आहे. नळीचा व्यास दुप्पट आणि पत्र्याची जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते आणि वाकण्याला होणारा विरोध चौपट होतो. पोलादाचा पत्रा असा पातळ करत गेलो की तो लवकरच चेपू लागतो. हलक्या धातूला तेवढ्याच वजनात जाड राहता येते, म्हणून स्पोर्ट्‌स बाइकच्या फ्रेमचे बाहू एवढे रुंद दिसतात. कार्बन फायबर मात्र या हिशेबाबाहेरचे: धागे ज्या दिशेला, ताठरपणा त्या दिशेला. २०२० च्या डुकाटी सुपरलेजेरा व्ही४ मध्ये फ्रेम, स्विंगआर्म आणि चाके कार्बनची आहेत. कोरडे वजन १५९ किलो.

आता जागेचा प्रश्न. रिमच्या काठावरचा एक किलो गाडीबरोबर पुढेही जातो आणि फिरतोही. त्याला गती द्यायला दुप्पट ऊर्जा लागते, म्हणजे वेग घेताना तो दोन किलोंइतका भरतो. शिवाय तो स्प्रिंगच्या खाली असल्याने खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहणे त्याच्यामुळे अवघड होते. शिवाय फिरत्या चाकाचे जडत्व गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झुकवताना आड येते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते हलक्या चाकांवर घालावेत. शिसे-आम्लाची बॅटरी काढून लिथियमची बसवली तरी दोनेक किलो सुटतात, तेही कमी खर्चात. टायटॅनियमच्या बोल्टांचे मला फारसे कौतुक नाही. पैसे भरपूर जातात, वजन ग्रॅमांत. आणि ब्रेक कॅलिपरला अॅल्युमिनियमचे बोल्ट लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

सरळ रस्त्यावरचा फायदा लोक फुगवून सांगतात. १८५ किलोंची गाडी आणि ७५ किलोंचा चालक मिळून २६० किलो. गाडीतून १० किलो काढले तर त्याच जोरावर प्रवेग चारेक टक्के वाढेल. कमाल वेग जवळजवळ तेवढाच राहील, कारण तो हवेचा विरोध ठरवतो.

चालक हलका होत नाही आणि बसतो सर्वांत वर. या पेचाबद्दल क्वचितच बोलले जाते. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० आणि चालकाचा १०० सेंटिमीटरवर धरू. २१० किलोंच्या गाडीवर ७५ किलोंचा चालक बसला तर दोघांचा मिळून मध्य ६३ सेंटिमीटरवर येतो. गाडी १६० किलोंची केली तर ६६ वर. तो जितका वर, तितके जोरात ब्रेक मारताना मागचे चाक लवकर उचलते आणि थ्रॉटल पिळताना पुढचे. पुढचे चाक जमिनीवर राहावे म्हणून १७७ किलोंच्या १९९८ च्या यामाहा आर१ मध्ये गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचले. इंजिन आखूड झाले, पुढे सरकवता आले, आणि १३९५ मिलिमीटरच्या व्हीलबेसमध्ये लांब स्विंगआर्मला जागा मिळाली.