गेलेल्या बैलाचा पंचनामा

जनावर पुरात वाहून गेलं किंवा झाडाखाली बांधलेलं असताना अंगावर वीज पडली, की तलाठ्याचा पंचनामा लागतो, पशुवैद्यकाचा अहवाल लागतो, बँक पासबुकाची झेरॉक्स लागते. आज हे सगळं आपल्याला सवयीचं झालंय. पण मेलेल्या बैलाचे पैसे सरकारनं द्यायचे आणि परत मागायचे नाहीत, ही कल्पनाच तशी नवी आहे.

वाशीम जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, असं आपण शाळेत शिकतो. खरं तर इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ नावाचा जिल्हा होताच. 1905 मध्ये तो मोडला. तो असतानाच 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडावर आला. पाऊस नाही म्हणून पीक नाही, आणि पीक नाही म्हणून कडबाही नाही. माणसांसाठी खडी फोडायची कामं निघाली. गुरांना खडी फोडता येत नाही.

इंग्रज सरकारकडे यावर तगाई होती. 1884 च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी-बियाणं आणि बैल घ्यायला कर्ज मिळे. कर्जच ते! थकलं तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखं वसूल होई. म्हणजे मेलेल्या बैलाचा हप्ता नव्या बैलानं फेडायचा.

पैसे परत न मागणारी, ठरलेल्या दराची मदत रुळली ती अलीकडच्या काही दशकांत, वित्त आयोगांच्या आपत्ती निधीतून. तिची मोठी परीक्षा झाली 2022 मध्ये. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि पुढं विदर्भात पसरला. गुरांचे बाजार बंद झाले. राज्यानं आपत्तीचेच दर लम्पीला लावले: दुधाळ गाईला 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000.

या आकड्यांत मला बैलाची ओळ खटकते. वाशीममध्ये शेती मुख्यतः पावसावरची, सोयाबीन, तूर. पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर तो एकटा जात नाही, जोडी मोडते. उरलेला बैल गोठ्यात उभा राहतो, खातो, पण तिफण ओढत नाही. ट्रॅक्टर भाड्यानं आणावा लागतो, आणि त्या आठवड्यात तो सगळ्यांनाच हवा असतो. दरपत्रकात मात्र मेलेलं जनावर मोजतात, मोडलेली जोडी मोजत नाहीत. लम्पीतून वाचलेला पण लंगडा झालेला बैलही त्यात कुठं बसत नव्हता.

पुढं दर वाढले: दुधाळ जनावराला 37,500, ओढकामाच्या जनावराला 32,000. पण मोठी जनावरं तीनच, ही मर्यादा होती. चौथी म्हैस वाहून गेली तर कागदावर ती वाहूनच गेली नव्हती. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनंतर राज्यानं जे पॅकेज जाहीर केलं, त्यात ही मर्यादा काढली. आपत्तीनंतर निकष सैल होतात, तो असा. आधी कुणाला तरी बुडावं लागतं.

दरम्यान, 2024 पासून मदतीसाठी आणखी एक अट आलीय. जनावराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला हवा. बिल्ला नसेल तर वीज पडूनही भरपाई नाही. तेव्हा घरी गाय-बैल असतील, तर आज संध्याकाळी गोठ्यात जाऊन त्यांचे कान बघून या. बिल्ला तुटून पडलाय का, तेही बघा. काटेरी कुंपणात अडकून तो बऱ्याचदा पडतो.