जाहिरातींतलें घर आणि हातीं आलेलें घर

नकाशावरची भिंत मोजतां येते. पण तिच्यावरचा गिलावा, पायाखालची फरशी, नळाची तोटी आणि दाराचें लांकूड हीं घर तयार होईपर्यंत केवळ शब्दांतच असतात. घर घेणारा फसतो तो बहुधा याच ठिकाणीं. मुंबईच्या मध्यमवर्गावर हा प्रसंग आला त्यास फार वर्षें झालीं नाहींत.

इ. स. १९१५ मध्यें गांवदेवीस सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली, तेव्हां घर बांधविणारे व त्यांत राहणारे एकच होते. तेथें जाहिरातीचें प्रयोजन काय? बाकीचे बहुतेक लोक भाड्यानें राहत, आणि चाळीचा नळ व संडास कसा आहे हें भाडेकरू आधीं डोळ्यांनीं पाहून घेई. पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला जखडलीं. नवी इमारत बांधून भाड्यानें देण्याची गोडी ओसरली व मालकी हक्काचे फ्लॅट विकण्याचा धंदा फोफावला. आतां गिऱ्हाईक पैसे आधीं मोजूं लागलें आणि घर मागाहून पाहूं लागलें. सारा घोटाळा या उलट क्रमांत आहे.

तक्रारी इतक्या वाढल्या कीं, २० मे १९६० रोजीं सरकारनें चौकशी समिती नेमली. जून १९६१ मध्यें तिचा अहवाल आला आणि १९६३ सालीं महाराष्ट्र मालकी फ्लॅट कायदा झाला. घरटंचाईमुळें या व्यवहारांत गैरप्रकार माजले आहेत, असें त्याच्या प्रस्तावनेंतच स्पष्ट म्हटलें आहे. बांधकामाचें साहित्य कोणतें व फ्लॅटमध्यें सोयी कोणत्या, हें विकणाऱ्यानें उघड करावें असें बंधन आलें. त्यांत लिफ्टचा उल्लेख मुद्दाम नांव घेऊन केला आहे. बोलण्यांत लिफ्ट आणि नशिबीं जिना, हा अनुभव त्या काळीं दुर्मीळ नसावा!

कायदा झाला, पण दाद मागावयाची ती न्यायालयांत. आणि तोटी गळते म्हणून वकील कोण लावतो? १९९३ मध्यें लखनौच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें गृहबांधणी ही ‘सेवा’ ठरविली, तेव्हां कुठें ग्राहक मंचाचें दार निःसंशय उघडलें.

खरा फरक पडला तो २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुन्याचा फ्लॅट यांवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्यांतील खोट्या विधानामुळें नुकसान झालें, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते; व्यवहार सोडावयाचा असल्यास पैसे व्याजासह परत मिळतात. ताबा दिल्यापासून पांच वर्षांत कामांत दोष दाखविल्यास तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांतील नमुना करारांत तर फरशी व न्हाणीघरांतील साहित्य यांचा ब्रँड, तो नसल्यास किंमतीची मर्यादा, लिहिण्याची सोय आहे. ही यादी मात्र कराराच्या शेवटीं जोडलेल्या एका परिशिष्टांत असते; तेथवर पोहोंचेपर्यंत बहुतेकांची सही होऊन गेलेली असते.