बिलातला तिसरा माणूस

तर झालं असं, की २०१७ च्या जुलै महिन्यात आमच्या घरच्या फोनचं बिल नेहमीपेक्षा साठ डॉलर जास्त आलं. इथं, म्हणजे अ‍ॅडलेडच्या उत्तरेला मॉसन लेक्समध्ये, घरचा फोन, इंटरनेट आणि दोघांचे मोबाईल अशा सगळ्यांचं मिळून एकच बिल यायचं. आम्ही ते कधी वाचत नव्हतो. महिनाअखेर पैसे आपोआप कापले जात आणि आम्ही सुखी असू. त्या महिन्यात खात्यात जरा खडखडाट होता म्हणून बिल उघडलं, तर शेवटच्या पानावर एकाखाली एक सहा ओळी. प्रत्येकी नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंट. वर शीर्षक 'थर्ड पार्टी'. पुढं कुठल्याशा कंपनीचं नाव, ते आम्ही दोघांनीही जन्मात ऐकलेलं नव्हतं.

मी बायकोला विचारलं, "हे काय घेतलंस तू?"

ती म्हणाली, "मी? तूच रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर काहीतरी बघत असतोस."

पुढचे दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. हसू नका मंडळी. साठ डॉलर ही काही संसार मोडण्याची रक्कम नव्हे, पण प्रश्न पैशांचा नव्हताच. बिलावर छापलेलं असतं, आणि छापलेलं खोटं कसं असेल? कंपनीचा संगणक चुकत नाही, म्हणजे घरातलंच कुणीतरी खोटं बोलतंय. हा तर्क माझ्यासारख्या, दिवसभर मोजमापांतल्या चुका शोधणाऱ्या इंजिनिअरनंही क्षणभर मान्य केला, याची आज लाज वाटते.

आणि लाज वाटण्याचं आणखी एक कारण आहे. हा प्रकार मी आधी एकदा पाहिला होता.

साल १९९८. मी अकरा वर्षांचा. आमच्या घरी नुकता फोन आला होता. हॉलमध्ये तिपाईवर, क्रोशाच्या रुमालाखाली. मावशी मस्कतला असल्यामुळं बाबांनी आयएसडीची सोयही घेतली होती. माझा मामेभाऊ, दादा, कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला होता. आणि एका दोनमाही बिलात गयाना नावाच्या देशाला केलेले नऊ कॉल आले. बिल बाबांच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास गेलं. गयाना कुठं आहे ते मी नकाशात शोधलं. दक्षिण अमेरिकेत, वरच्या बाजूला. आमचं तिथं कोणी नव्हतं. पण त्या काळात वर्तमानपत्रांत 'मैत्रीसाठी बोला' छापाच्या जाहिराती येत आणि खाली शून्य-शून्यनं सुरू होणारा लांबलचक नंबर असे. एकोणीस वर्षांचा मुलगा घरात. झालं, निकाल लागला. कुणी ओरडलं नाही. बाबांनी पैसे भरले, डायलला कुलूप घातलं, आणि पुढच्या टर्मला दादा हॉस्टेलवर राहायला गेला. आमच्याकडे दिवाळीला येणंही हळूहळू थांबलं.

गयानाच का, हे मला कळायला वीस वर्षं लागली. ते कळण्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो.

टेलिफोन कंपनी म्हणजे मुळात विलक्षण विश्वासाचं दुकान. तुम्ही बोलता आधी आणि पैसे देता नंतर, तेही मीटर न बघता. जोवर कंपनी एकच होती तोवर बिलावर तिचेच पैसे असत. अमेरिकेत १ जानेवारी १९८४ ला एटीअँडटी या अवाढव्य कंपनीचे तुकडे झाले. स्थानिक फोन एका कंपनीचा, लांबचा दुसरीचा. पण ग्राहकाला दोन-तीन बिलं कोण पाठवणार? म्हणून स्थानिक कंपनीनं इतरांचे पैसेही आपल्याच बिलात वसूल करून द्यायचे अशी व्यवस्था झाली. हेतू चांगला होता. पण यातून एक नवी गोष्ट जन्माला आली: ज्यानं माल विकला तो वेगळा आणि ज्यानं बिल पाठवलं तो वेगळा. वाण्याच्या वहीत शेजारच्या दुकानदारानं येऊन आपली उधारी तुमच्या नावावर लिहावी, आणि वाण्यानं काही न विचारता ती तुमच्याकडून वसूल करावी, तसंच हे. वर वाण्याला त्यात कमिशन.

त्याच्या आधी, १९८० साली, तिथं ९०० नं सुरू होणाऱ्या नंबरांनी नाव कमावलं होतं. कार्टर आणि रेगन यांच्या वादसभेनंतर एबीसी वाहिनीनं लोकांना फोन करून कौल द्यायला सांगितलं. एका कॉलला पन्नास सेंट, आणि सात लाखांच्या आसपास लोकांनी फोन केला! पुढं अशा कॉलच्या पैशांतला वाटा नंबर चालवणाऱ्याला मिळू लागला. मग ज्योतिष, हवामान, विनोद, आणि अर्थातच 'तसल्या' गप्पा. ऑस्ट्रेलियात हेच काम आधी ००५५ नं आणि नंतर १९०० नं सुरू होणारे नंबर करत.

तक्रारी वाढल्या तसा अमेरिकेनं १९९२ मध्ये कायदा केला. ९०० च्या कॉलचे पैसे वादात असतील तर तेवढ्यासाठी फोन तोडता येणार नाही. उत्तम. पण पाण्याला बांध घातला की ते दुसरीकडून वाट काढतं. बऱ्याच मंडळींनी परदेशी नंबर गाठले. त्या काळी परदेशी कॉलच्या दरातला मोठा हिस्सा, कॉल ज्या देशात पोचला त्या देशाच्या टेलिफोन कंपनीला मिळे. छोट्या, गरीब देशांच्या बाबतीत हा दर भरमसाट. मग त्या कंपनीनं गप्पांच्या धंदेवाल्याशी करार करायचा: तू कॉल आण, मी तुला वाटा देते. गयाना या धंद्यात आघाडीवर होता. पॅसिफिकमधलं निऊए नावाचं चिमुकलं बेटही त्यात होतं. गावाकडच्या माणसाच्या बिलावर तो साधा आयएसडी कॉल म्हणून यायचा. तिसरा माणूस त्यात दिसायचाच नाही.

पुढची पायरी म्हणजे माणसाला डायल करायलाच लावायचं नाही. १९९६-९७ च्या सुमारास काही संकेतस्थळांवरून लोकांनी 'फुकट' चित्रं बघण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो प्रोग्रॅम गुपचूप मोडेमचा आवाज बंद करायचा, चालू कनेक्शन तोडायचा आणि मोल्दोवाला फोन लावायचा. मिनिटाला दोन डॉलरहून जास्त दर. ते संकेतस्थळ बंद केलं तरी कॉल चालूच राहायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली आणि १९९७ मध्ये अडतीस हजारांहून अधिक ग्राहकांना सुमारे सत्तावीस लाख डॉलर परत मिळवून दिले. किती घरांत तेव्हा पोरांनी मार खाल्ला असेल, त्याची मोजदाद मात्र कोणत्याही कमिशननं केलेली नाही. ऑस्ट्रेलियातही डायल-अपच्या अखेरच्या वर्षांत ही साथ येऊन गेली. इथं तिला 'इंटरनेट डंपिंग' म्हणत.

ब्रॉडबँड आलं, मोडेम गेला, तशी ती युक्ती मेली. पण बिलाचं दार उघडंच होतं. २०११ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीच्या अहवालात आकडा आला तो असा: घरगुती फोनच्या बिलांवर वर्षाला सुमारे तीस कोटी वेळा तिसऱ्यांची आकारणी होते आणि तिची रक्कम दोन अब्ज डॉलरहून जास्त. या ओझं लादण्याच्या धंद्याला तिथं 'क्रॅमिंग' म्हणतात, म्हणजे कोंबाकोंबी. त्या पुढच्या वर्षी मोठ्या कंपन्यांनी लँडलाईनच्या बिलांवरची बहुतेक अशी वसुली बंद करायची ठरवली. तोवर कोंबाकोंबी मोबाईलवर गेलेली होती.

आता माझ्या नऊ डॉलर नव्व्याण्णव सेंटांकडे येतो.

मोबाईलवरून, वायफाय नव्हे तर कंपनीच्या जाळ्यातून, तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा कंपनीला तुमचा नंबर माहीत असतोच. काही पानांपुरती ती ओळख पलीकडच्या विक्रेत्यालाही पोचवली जाई. त्यामुळं ना कार्ड, ना पासवर्ड. जाहिरातीवर एक-दोनदा बोट पडलं की आठवड्याचं वर्गणीदार! दुसऱ्या रात्री मी शांतपणे बसून तारखा जुळवल्या. पहिली आकारणी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी मी मॉसन लेक्सच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. जाहिरात पानभर पसरली होती आणि ती घालवायला मी कुठंतरी बोट टेकवलं होतं. म्हणजे 'गुन्हेगार' मीच! बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी तारखा बघायच्या होत्यास, मग मला विचारायचं होतंस." यावर काय बोलणार?

मग कंपनीला फोन. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यानं काही बिघडत नाही. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की हा व्यवहार तुमचा आणि त्या तिसऱ्या कंपनीचा, तुम्ही त्यांच्याशी बोला. मी म्हटलं, "बाई, मी त्यांना ओळखत नाही. पैसे तुम्ही कापलेत." तीन फोन झाले, तीच टेप. शेवटी मी एवढंच म्हणालो, की उद्या टीआयओकडे जातो. दुसऱ्या दिवशी साठच्या साठ डॉलर परत.

ही जादू कसली, ते आपल्याकडच्या लोकांनी समजून घेण्यासारखं आहे. टीआयओ म्हणजे टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री ओंबड्समन. १९९३ साली ही संस्था उभी राहिली. ग्राहकाला तक्रार फुकट. संस्थेचा खर्च टेलिफोन कंपन्या देतात, आणि तक्रारींचा आकार कंपनीच्या बिलात लागतो. प्रकरण जितकं वर चढेल तितका आकार जास्त. म्हणजे साठ डॉलरसाठी भांडत बसणं कंपनीला साठ डॉलरहून महाग पडतं. न्यायबुद्धीवर विसंबून न राहता हिशेबच असा मांडलाय, की न्याय स्वस्त पडावा. मला हे इंजिनिअरिंग फार आवडलं.

मोठा हिशेब नंतर झाला. एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टानं टेल्स्ट्राला अशाच सेवेबद्दल एक कोटी डॉलर दंड केला. ही सोय सगळ्यांच्या फोनवर मुळातच चालू ठेवलेली होती आणि ते ग्राहकांना नीट सांगितलं नव्हतं. किमान एक लाख ग्राहकांना झळ बसली असावी असा अंदाज होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑप्टसलाही तेवढाच दंड झाला. तोवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक ग्राहकांना पैसे परत मिळाले होते. गंमत म्हणजे हे खटले टेलिफोनच्या नव्हे, वित्तीय सेवांच्या कायद्याखाली चालले. म्हणजे कोर्टापुढं विषय फोनचा नव्हताच. फोनचं बिल हे केव्हाच पाकीट झालेलं होतं, फक्त त्याला चेन नव्हती.

आपल्याकडं काय? ट्रायनं २०११ मध्ये आणि मग २०१३ मध्ये आदेश काढले, की अशा सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा स्पष्ट संमती हवी. पण भांडायचं कुठं हा प्रश्न जास्त अवघड होता. १८८५ च्या तार कायद्यात ७ ब नावाचं कलम होतं, त्यात लवादाची तरतूद होती. त्यावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं, की टेलिफोन बिलाच्या तक्रारी ग्राहक मंचात चालणार नाहीत. तेरा वर्षं हे दार जवळजवळ बंद राहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं, की ग्राहक मंचाकडे जाता येतं. तेव्हा बिलात अनोळखी ओळ दिसली तर आधी कंपनीकडे तक्रार, तिचा क्रमांक जपून ठेवणं, मग कंपनीचं अपील, आणि तरीही नाही झालं तर मंच, हा रस्ता आज उघडा आहे. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. रक्कम लहान ठेवलेली असते ती आपण सोडून द्यावी म्हणूनच.

असो. साठ डॉलर परत आले त्या रविवारी मी बाबांना फोन केला आणि गयानाबद्दल जे वाचलं होतं ते सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब, ते बिल माझ्याकडे असेल." बाबा कागद टाकत नाहीत. तासाभरानं त्यांचाच फोन. नऊ कॉलांपैकी पाच कॉल आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यानचे होते. त्या वेळी दादा कॉलेजात, मी शाळेत, बाबा ऑफिसात आणि आई बँकेत. घराला कुलूप. कॉल कुणी केले, लाईनवर कुठून केले, ते आता कळणार नाही. पण वेळा तर बिलावरच छापलेल्या होत्या. एकोणीस वर्षं कपाटात होत्या. लाजेपायी कुणी त्या वाचल्याच नाहीत.

मग मी दादाला फोन केला. तो आता पन्नाशीकडे झुकलाय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक कॉल माझा होता रे. संध्याकाळचा. तीन मिनिटांत घाबरून ठेवला. म्हणून तर मला बाकीच्यांबद्दल तोंड उघडता आलं नाही."

त्या दिवाळीला बाबा त्याच्याकडे फराळाला गेले. बिल बरोबर घेऊन गेले होते, असं आई म्हणाली. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही.