कोरी नाणे-चकती
ठसा उमटविण्यापूर्वी नाण्यासाठी कापून व वजनास उतरवून तयार केलेला धातूचा तुकडा. टांकसाळीतील पूर्वप्रक्रियांतून गेलेली, परंतु ठशाखाली न आलेली चकती कधी कधी नाण्यांच्या थैलीतून चुकून बाहेर पडते व संग्राहकांच्या दृष्टीने ती संग्राह्य ठरते. याउलट यंत्रशाळेत किंवा बांधकामावर पत्र्याला भोक पाडताना निघालेला गोल तुकडा म्हणजे निव्वळ मोडीचा माल होय. दोहोंवर लेख, चिन्ह वा सन यांपैकी काहीच नसते. त्यामुळे त्यांची पारख वजन, धातू, कडा व प्राप्तिस्थान यांवरूनच करावी लागते. हा प्रश्न केवळ किंमतीचा नाही. प्राचीन वसाहतीत कोऱ्या चकत्या मिळणे, हा तेथे टांकसाळ असल्याचा एक पुरावा मानला जातो. एखादा साधा तुकडा चकती म्हणून नोंदला गेल्यास प्रत्यक्षात नसलेली टांकसाळ इतिहासात उभी राहते. उलट खरी चकती मोडीत गेल्यास असलेल्या टांकसाळीची खूण पुसली जाते.

प्राचीन व मध्ययुगीन पद्धती : भारतातील आहत नाण्यांसाठी चांदीचा पत्रा ठोकून त्याच्या पट्ट्या व तुकडे कापीत आणि तुकडा भारी भरल्यास त्याचे कोपरे छाटून तो वजनात आणीत. कार्षापणाचे प्रमाण ३२ गुंजा (सु. ३.५ ग्रॅ.) होते. अशा तुकड्याचा आकार ओबडधोबड असला, तरी वजन नेमके असे. म्हणून या काळातील कोऱ्या तुकड्याची पहिली कसोटी आकार ही नसून वजन ही आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात टांकसाळीवरील लक्षणाध्यक्ष आणि नाण्यांची पारख करणारा रूपदर्शक असे दोन वेगळे अधिकारी सांगितले आहेत. खोटी नाणी पाडणारा माणूस ओळखण्यासाठी धातू, क्षार, कोळसे, भाते, सांडस, मुशी व ऐरणी यांच्या वारंवार होणाऱ्या खरेदीवर लक्ष ठेवावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे ठसा उमटण्याच्या आधीचा टप्पाही राज्यसंस्थेच्या नजरेखाली होता.

काही प्रदेशांत चकत्या कापण्याऐवजी ओतीत. पॅलेस्टाइनमध्ये मऊ चुनखडीच्या दगडात पन्हळींनी जोडलेले गोल खळगे कोरलेले साचे सापडले आहेत. त्यांत रस ओतला, की चकत्यांची माळ तयार होई व नंतर ती तोडली जाई. तेथील लहान तांब्याच्या नाण्यांच्या कडेला या तोडीचे शेपूट अनेकदा शिल्लक राहिलेले दिसते. भारतात रोहटकजवळील खोकरा कोट येथे १९३६ मध्ये बिरबल साहनी यांना यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे मिळाले व त्यांवरील त्यांचा अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. हे साचे मात्र चकत्यांचे नसून लेखासह संपूर्ण नाणे ओतण्याचे होते. या पद्धतीत कोरी चकती हा टप्पाच नसतो. तेव्हा अशा स्थळी मिळालेला गुळगुळीत तुकडा चकती म्हणून स्वीकारण्यापूर्वी तेथील नाणी ओतीव होती की ठोकीव, हे आधी ठरवावे लागते.

आईन-इ-अकबरीत अकबराच्या टांकसाळीतील कामाची विभागणी दिली आहे. जर्राब हा सोने, चांदी व तांबे यांच्या कांबी कापून नाण्याच्या मापाचे गोल तुकडे करी. सिक्काची ते तुकडे दोन ठशांमध्ये ठेवी व घणकरी घाव घाली. इराण-तुराणात असे तुकडे विशिष्ट ऐरणीवाचून कापता येत नाहीत, परंतु हिंदुस्थानातील कारागीर ते तिच्याशिवाय केसभरही फरक न पडता कापतात, असे अबुल फज्लने नमूद केले आहे. मोगल व मराठी नाण्यांत ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे नाण्यावर लेखाचा काही भागच उमटे आणि शिवराईसारखी तांब्याची नाणी वापराने झिजली, की त्यांवरील उरलेला लेखही नाहीसा होई. पेशवाईत टांकसाळी सोनार व सराफ यांच्याकडे सोपविण्याची प्रथा होती. नाण्यांच्या वजनात व आकारात एकसारखेपणा नव्हता. म्हणून दख्खनमध्ये मिळणारे गुळगुळीत तांब्याचे तुकडे हे कोऱ्या चकत्या, झिजलेली नाणी किंवा साधे तुकडे यांपैकी नेमके काय आहेत, हे केवळ दृष्टीने ठरविणे धोक्याचे ठरते. तिरप्या प्रकाशात धरल्यास झिजलेल्या नाण्यावर अक्षरांच्या अस्पष्ट छाया बहुधा दिसतात. कोऱ्या चकतीवर फक्त ठोकणीचे वा कापणीचे वण असतात.

यंत्रयुग : सोळाव्या शतकात यूरोपात लाटणयंत्र, चकत्या कापण्याचे यंत्र व मळसूत्री दाबयंत्र यांचा वापर सुरू झाला. इंग्लंडमध्ये १६६२ पासून यंत्राने पाडलेली नाणी कायमची रूढ झाली. नाण्याची कड कातरून धातू चोरण्याच्या सवयीला आळा घालण्यासाठी मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरे उमटविली जाऊ लागली. फ्रान्समध्ये झां कास्तँ याचे यंत्र १६८५ पासून वापरात आले. ते चकती दोन पट्ट्यांमधून फिरवून ठशाखाली जाण्यापूर्वीच तिची कड उठवी. मॅथ्यू बोल्टन याने १७८८ मध्ये बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे वाफेवर चालणारी टांकसाळ काढली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ सनाची तांब्याची नाणी तेथेच पाडण्यात आली. बोल्टनने १७९७ पासून अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीस तांब्याच्या कोऱ्या चकत्याही पुरविल्या. अशा रीतीने चकती तयार करणारा आणि तीवर ठसा उमटविणारा हे वेगवेगळ्या देशांत असू शकतात, ही गोष्ट रूढ झाली. तेव्हा चकतीचे उगमस्थान व नाण्याचे उगमस्थान एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. मुंबईची नवी टांकसाळ १८२४–३० या काळात उभारण्यात आली व तीत वाफेची एंजिने बसविण्यात आली.

निर्मितिप्रक्रिया : आधुनिक टांकसाळीत धातूचा रस ओतून मिळालेली कांब ठराविक जाडीची होईपर्यंत लाटतात आणि पट्टीतून दाबयंत्राने चकत्या कापतात. उरलेली जाळीदार पट्टी पुन्हा वितळविली जाते. कापलेल्या चकत्या तापवून मऊ करतात (अनुशीतन), धुऊन स्वच्छ करतात आणि एका खाचेतून फिरवून त्यांची कड किंचित उंचावतात. यावरून चकत्यांचे दोन प्रकार मानतात : कड न उठविलेली सपाट चकती व कड उठविलेली चकती. कड उठविताना व्यास थोडा कमी होतो. ठशाच्या दाबाखाली धातू पसरून कड्याला भिडतो, तेव्हा तो पुन्हा वाढतो. चकती कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकामुळे चकतीचा चंद्रकोरीसारखा भाग गायब होतो. सदोष चकत्या चाळण्यांनी वेगळ्या केल्या जातात, तरीही काही निसटतात. [→ नाणी व नाणकशास्त्र].

परीक्षण : पहिली कसोटी वजनाची. प्रत्येक नाण्याचे वजन कायद्याने ठरलेले असते आणि ठसा उमटल्याने ते बदलत नाही. भारताच्या २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे अगंज पोलादाचे असून त्याचा व्यास सु. २२ मिमी. व वजन ३.७९ ग्रॅ. आहे. अमेरिकेत विजेच्या जोडपेट्यांतून निघणारी नेहमीच्या मापाची चकतीही सु. २२ मिमी. व्यासाची व पोलादी असते. परंतु पत्रा १.६ मिमी. जाड असल्यास तिचे वजन ४.८ ग्रॅ.च्या आसपास भरते. केवळ व्यास जुळल्याने फसगत होते, ती साध्या तराजूने टळते.

दुसरी कसोटी धातूची. हवेत व पाण्यात वजन करून विशिष्ट गुरुत्व काढता येते : चांदी १०.५, तांबे ८.९, पोलाद ७.८, जस्त ७.१ व ॲल्युमिनियम २.७. लोहचुंबकाची कसोटी मात्र सावधपणे वापरावी लागते. चुंबकाला चिकटणारी चकती खोटी, ही सर्रास आढळणारी समजूत चुकीची आहे. भारताचा १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा होता व तो चुंबकाकडे ओढला जातो. आजचा अगंज पोलादी रुपयाही ओढला जातो. ७५ टक्के तांबे व २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची चकती ओढली जात नाही.

तिसरी कसोटी कडेची. अस्सल चकतीची कड उठवताना गोलसर झालेली असते. पत्र्यातून तोडलेल्या तुकड्याला बहुधा एका बाजूस धारदार कंगोरा, दुसऱ्या बाजूस किंचित फुगवटा आणि कधी तोडीचा दात असतो. आधुनिक नाण्याच्या कडेवरील दाते ठशाच्या वेळी कड्यामुळे उमटतात. म्हणून कड दातेरी व दोन्ही बाजू गुळगुळीत असलेला तुकडा बहुधा घासलेले किंवा झिजलेले नाणे असतो. कास्तँच्या यंत्राच्या काळातील नाण्यांना हा नियम लागू नाही, कारण तेव्हा कड आधीच उठविली जाई. एकच खूण काळाप्रमाणे वेगळा अर्थ सांगते. अमेरिकेच्या १९६५ पासूनच्या पाव डॉलरच्या (५.६७ ग्रॅ.) चकतीच्या कडेवर तांब्याचा मधला थर दिसतो, तो साध्या तुकड्यात नसतो.

काही बाबतींत सर्व कसोट्या मिळूनही निर्णय कठीण होतो. अमेरिकेचा १९४३ चा सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असून त्याचे वजन सु. २.७ ग्रॅ. होते. मुलामा पट्टीला आधीच दिलेला असल्याने कापलेली कड उघडी राही आणि हेच लक्षण जस्ताच्या पत्र्यातून काढलेल्या तुकड्यातही आढळते. येथे वजन, व्यास व उठविलेली कड यांचा एकत्र मेळ बसल्यासच ती चकती मानावी. भारतात १९४३–४७ मध्ये निघालेल्या भोकाच्या पैशाचा आकार वॉशरसारखा होता. तेव्हा त्याची कोरी चकती म्हणून दाखविलेली वस्तू निव्वळ वॉशर नाही, हे वजन व धातू यांवरून सिद्ध व्हावे लागते.

कायदा : भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) २३० व्या कलमानुसार नाणे म्हणजे राज्यसत्तेच्या अधिकाराने ठसा उमटवून पैसा म्हणून प्रसृत केलेला धातू. कवड्या म्हणजे नाणे नव्हे; तसेच पैसा म्हणून वापरात असले, तरी ठसा नसलेले तांब्याचे तुकडेही नाणे नव्हेत, अशी उदाहरणे त्यात दिली होती. ही संहिता १ जुलै २०२४ पासून रद्द झाली. पैसा म्हणून वापरण्याच्या हेतूने खाजगी व्यक्तींनी धातूचे तुकडे तयार करण्यास १८८९ च्या कायद्याने बंदी होती. तो कायदा रद्द होऊन त्याची जागा २०११ च्या नाणे अधिनियमाने घेतली आहे.

कायद्याच्या दृष्टीने कोरी चकती नाणे नसली, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती नाण्याच्या निर्मितीचा साक्षीदार आहे. मात्र ही साक्ष मूक असल्याने तिच्यासोबत प्राप्तिस्थान, सोबतच्या वस्तू व वजन यांची नोंद असणे अगत्याचे असते. अशी नोंद नसलेला गुळगुळीत तुकडा संशयित म्हणून वेगळा ठेवणे, हेच संग्राहक व संशोधक या दोघांच्या हिताचे ठरते.