चौदा जानेवारी : एक तारीख, दोन स्मृती

पानिपतावर संक्रांत कोसळली, असे आपण सहज बोलून जातो आणि त्या दिवशी संक्रांतीचा सणच होता, अशी पुष्कळांची समजूत असते. पंचांग मात्र निराळे सांगते. युद्ध झाले ते शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१ रोजी. मकरसंक्रांत निरयन गणनेवर चालते. त्यामुळे इंग्रजी तारखांत ती सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या वर्षी ती तीन-चार दिवस आधीच झाली होती. म्हणजे रसद तुटलेल्या, अन्नान्न दशा झालेल्या छावणीतच तो सण येऊन गेला! त्यानंतर, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे या निर्धाराने फौज बाहेर पडली. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ रणात पडले. सण व संहार एका तारखेवर आणून बसविले ते पुढच्या काळाने.

याच तारखेस दुसरीही एक स्मृती जडलेली आहे. परप्रांतीच्या आपल्या मंडळांतून तिचा उल्लेख क्वचितच होतो, हे मला खटकते. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. सुमारे सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अभिवादनासाठी माणसांची रीघ लागते.