सुपारी किती?

मी कोड लिहितो. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर. राहतो लालबागला, आजोबांनी पागडी देऊन घेतलेल्या चाळीतल्या खोलीत. घरापासून ऑफिस चालत अर्धा तास. आजोबाही साधारण याच वाटेने गिरणीत जायचे. फरक एवढाच, की त्यांना भोंगा बोलवायचा, मला कॅलेंडरचं नोटिफिकेशन बोलवतं.

गेल्या वर्षी गणपतीला तीन महिने असताना माझ्या एका मित्राने ॲपची कल्पना मांडली. तो जे. जे.मधून शिकलेला, पेंटिंग आणि सजावट करतो. एका इव्हेंटवाल्यांसाठी त्याने दीड महिना राबून बारा फुटी पडदे रंगवले होते. आठ महिने झाले तरी 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर येत होतं. रंगाचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून घातले होते. तो म्हणाला, "आपल्याकडे एवढे वाजवणारे, गाणारे, रंगवणारे लोक आहेत. त्यांना थेट काम मिळेल असं काहीतरी बनव ना."

दोन शनिवार-रविवारात मी पहिला आराखडा तयार केला. नाव, कला, परिसर, फोटो, व्हिडिओ, रेटिंग. सगळ्यात आधी तो दाखवला आमच्या मजल्यावरच्या अण्णांना. अण्णा चाळीस वर्षं बॅन्जो पार्टीत वाजवतायत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा फोन दूर धरून पाहिला आणि विचारलं,

"सगळं बरं आहे बाळा. पण सुपारीचा रकाना कुठाय?"

आता 'सुपारी' हा शब्द सर्च करून बघा. मसाला सुपारी येईल आणि खुनाच्या बातम्या येतील. मुंबईच्या टोळीयुद्धांनी हा शब्द पळवला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे काम ठरलं की सुपारी हातावर ठेवतात. लग्न ठरलं की सुपारी फुटते. आणि वाजंत्री, तमाशा, बॅन्जो ठरला की 'सुपारी घेतली' म्हणतात. नारायणगावात आजही गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी तिथे येतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. सुपारीबरोबर काही रक्कम आधी हातात पडते. तुम्ही तारीख मोडलीत तर ती बुडाली. म्हणजे जोखीम बोलावणाऱ्याची, वाजवणाऱ्याची नव्हे.

माझ्या आराखड्यात नेमकं हेच नव्हतं. कलाकार कसा शोधायचा हे मी लिहिलं होतं. त्याच्या घरी पैसे कधी पोचणार, हे लिहिलं नव्हतं. मग मी कोड बाजूला ठेवला आणि आमच्या या सात-आठ किलोमीटरच्या पट्ट्यात, गिरगावपासून दादरपर्यंत, कलाकाराला काम कोण देत आलं हे वाचायला आणि विचारायला लागलो.

पगारी कलावंत

सुरुवात गिरगावातून करू. १८९४ साली राजा रविवर्म्याने आपला शिळाछापखाना गिरगावात काढला. जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आले. आजवर देवघराबाहेर फक्त राजवाड्यात आणि देवळात दिसणारी लक्ष्मी-सरस्वती त्यामुळे चाळीच्या भिंतीवर आली. पुढे प्लेगच्या साथीत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. कलाकाराच्या दृष्टीने पाहिलं तर इथे एक मोठा बदल झाला. एका संस्थानिकाने एक चित्र विकत घेण्याऐवजी हजारो घरांनी थोडे थोडे पैसे दिले, आणि त्यातून चित्र दगडावर उतरवणाऱ्या, रंग वेगळे करणाऱ्या, छापणाऱ्या हातांना रोजचं काम मिळालं.

या छापखान्यासाठी काम केलेल्यांपैकी एक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. तेही जे. जे.चे विद्यार्थी. माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे फ्रीलान्सरच की!" खरंच आहे. फोटोग्राफी, ब्लॉकमेकिंग, छपाई, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, सगळं करून झालं होतं. मग दादरच्या मेन रोडवर, आजच्या दादासाहेब फाळके रस्त्यावर, त्यांनी स्टुडिओ थाटला आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी नट हवेत म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बायकांच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीतले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. खानावळीत दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात.

सिनेमात काम करणं तेव्हा अब्रूदार समजलं जात नव्हतं. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत, कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' म्हणा. परेश मोकाशींच्या सिनेमाचं नाव तिथूनच आलं. आपण या किश्श्यावर हसतो. मला मात्र त्यातली 'फॅक्टरी' महत्त्वाची वाटते. दरमहा पगार आणि दोन वेळचं जेवण. त्या साऱ्या ताफ्याचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत होत्या, आणि भांडवलासाठी दागिनेही त्यांचेच गहाण पडले होते. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला, त्यामागे एका बाईचं सोनं होतं.

संगीत नाटक मंडळ्यांचीही तीच रीत. नट मंडळीत नोकरीला असे. पगार, मुक्काम, जेवण सगळं मंडळीकडे. गिरगाव-ग्रँट रोडची थिएटरं त्यावर चालायची. ८ जुलै १९२१ला ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, तेव्हा वरचं तिकीट शंभर रुपये होतं. पण दहा वर्षांनी, १४ मार्च १९३१ला, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. पडदा बोलायला लागला, पाठोपाठ मराठी बोलपट आले आणि एकेक नाटक मंडळी बसत गेली. काही जण सिनेमात गेले. पगारावर पोट असलेले बाकीचे शेकडो लोक, ऑर्गनवाले, तबलजी, कपडेपटवाले, यांना नवी जागा शोधावी लागली.

मॅजेस्टिक आता नाही. तिथे शॉपिंग सेंटर आहे. माझा पहिला फॉर्मल शर्ट आईने तिथूनच घेतला होता.

आजोबांची वही

इथपर्यंतचं बरंचसं पुस्तकांतून आणि फोनवर वाचून समजलं. पुढचं घरातच सापडलं.

आजोबा विणकर खात्यात होते आणि गावच्या मंडळाच्या नाटकांत काम करायचे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची हिशेबाची वही होती. एक पान डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मला वाटलं, आजोबांना नाटकाचे किती पैसे मिळायचे ते आता कळेल. जमा बाजूला काय होतं? वर्गणी. प्रत्येक नटाच्या नावापुढे वर्गणी. म्हणजे काम करणारेच पैसे भरत होते! आणि खर्चाच्या बाजूला: हॉलभाडं, ड्रेपरी, रंगभूषा, पडदे, पेटीवाले, तबलेवाले. आणि सगळ्यात मोठा आकडा: बाईंची नाईट.

'नाईट' म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. कोकणातून आलेले चाकरमानी पुरुष नाटक बसवायचे आणि स्त्री भूमिकेसाठी व्यावसायिक नटीला नाईट देऊन बोलवायचे. ती एकाच महिन्यात पाच-सहा मंडळांची नाटकं करायची. तिचं घर त्यावर चालायचं. मी वही घेऊन बराच वेळ माळ्याखाली उभा राहिलो. गिरणगावात व्यावसायिक कलाकारांना सर्वांत जास्त काम देणारा मालक कोण, याचं उत्तर त्या पानावर होतं. तो शेठ नव्हता, सरकारही नव्हतं. तो होता महिन्याच्या पगारावर हौस करणारा गिरणी कामगार.

ही एकट्या आमच्या घरातली गोष्ट नव्हती. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि परळला १९२२ साली तिचं दामोदर नाट्यगृह उभं राहिलं. कामगार रंगभूमीचं ते घरच. शक्ती-तुऱ्याचे सामने, नमन, दशावतार, सामाजिक नाटकं. लालबागला हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे आणि पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून बसायचा. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे याच वस्तीत गिरणीत राबले. त्यांनी, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा समोरचा श्रोता हाच होता. १९५३च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आलं, नाट्यस्पर्धा आल्या. आणि गल्लीगल्लीत गणपती. लालबागचा राजा १९३४चा. १९३५पासून त्याची मूर्ती कांबळी कुटुंब घडवतं. एकाच घराकडे नव्वद वर्षं चालत आलेलं काम! परळच्या कार्यशाळांतून विजय खातूंसारख्या मूर्तिकारांनी उंच मूर्तींचं जे काम उभं केलं, त्याचा पायाही या मंडळांच्या वर्गणीवर होता.

मग १८ जानेवारी १९८२. संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या एकेक करत मिटत गेल्या. त्या संपाबद्दल आपण नोकऱ्यांच्या भाषेत बोलतो आणि ते बरोबरच आहे. आजोबांच्या वहीत १९८१च्या दिवाळीनंतर एकही पान भरलेलं नाही. त्या कोऱ्या पानांवर आजोबांचा पगार नाही, तशी पेटीवाल्याची बिदागीही नाही. त्या बाईंची नाईटही नाही. गिरणीच्या हजेरीपटावर त्यांची नावं कधीच नव्हती, त्यामुळे कुठल्याही यादीत, कुठल्याही देण्यात ती आली नाहीत. नव्वदच्या दशकात हनुमान थिएटरही बंद पडलं.

नाईट, मानधन आणि एक्स्पोजर

तोवर व्यावसायिक नाटकाचा मुक्काम दादरला आला होता. गिरगावात साहित्य संघ मंदिर १९६४ला, दादरला शिवाजी मंदिर १९६५ला उघडलं. इथे मासिक पगार नाही, नाईट. प्रयोग झाला तर पैसे. पडद्यामागच्या कामगारालाही तेच. ही पद्धत किती नाजूक आहे ते मार्च २०२०मध्ये कळलं. नाट्यगृहं बंद झाली आणि प्रयोग नाही म्हणून नाईट नाही, इतका सरळ हिशेब झाला.

सरकारची एक योजना जुनी आहे, १९५०च्या दशकातली. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांना मानधन. आता ते दरमहा पाच हजार आहे. अण्णांच्या ओळखीत काहींना मिळतं. मिळतं ते चांगलंच आहे, पण त्यात काम नाही. ते हात थकल्यावरचं आहे.

आणि माझ्या पिढीने शोधलेला शब्द म्हणजे 'एक्स्पोजर'. पैसे नाहीत, पण रील टाकू, टॅग करू. बिदागी, उचल, नाईट, सुपारी या सगळ्या शब्दांत देणाऱ्याच्या हातातून काहीतरी सुटतं. एक्स्पोजरमध्ये त्याचं काहीच जात नाही. माझ्या मित्राचे पडदे त्या इव्हेंटवाल्यांच्या पेजवर अजून आहेत. त्याला टॅगही केलंय.

दामोदर नाट्यगृह २०२३च्या नोव्हेंबरपासून पुनर्विकासासाठी बंद आहे. आमचं ऑफिसही गिरणीच्याच जागेवर आहे. चिमणी पाडली, नाव तेवढं राहिलंय.

मी तो ॲप पूर्ण केला का? नाही. सुपारीचा रकाना घातला: अर्धी रक्कम आधी, नाहीतर तारीख लागणारच नाही. चाचणीसाठी बारा ओळखीच्या लोकांना दिला. ज्यांना काम हवं होतं अशा आठ जणांनी नाव नोंदवलं. सुपारी द्यायला एकही जण आला नाही. तेव्हा उशिरा का होईना पण लक्षात आलं, की कलाकार सापडत नव्हते हा प्रश्नच नव्हता. त्या वहीतल्या जमा बाजूची माणसं नाहीशी झाली होती. आणि या भागात आज दर महिन्याला पगार कोणाच्या खात्यात येतो? माझ्या. माझ्या बाराव्या मजल्याच्या.

ऑफिसच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "कुणी लोकल कलाकार बोलावू ना, त्यांनाही प्लॅटफॉर्म मिळेल." पूर्वी मी मान डोलावली असती. या वेळी मी विचारलं, "सुपारी किती द्यायची?" दोघं-तिघं दचकले, बाकीचे हसले. मग मी शब्दाचा अर्थ सांगितला. वर्गणी काढली. माणशी पाचशे, एका संध्याकाळच्या पिझ्झाएवढे. अर्धे पैसे मित्राला रंग घेण्याआधी दिले आणि अण्णांच्या पार्टीची सुपारी मी स्वतः त्यांच्या खोलीवर जाऊन दिली. पाकिटावर एक खरी सुपारीही ठेवली.

अण्णांनी आधी पाकीट उघडून नोटा मोजल्या. सावकाश, दोनदा. मग सुपारी उचलून खिशात टाकली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती पेनाने गोल केला.

"पाचला वेळेवर येतो," म्हणाले. "लिफ्ट मोठी आहे ना तुमची? ढोल मावायला पाहिजेत."